हाय-लिंकचा पीएम०१: करवत-ब्लोअरच्या कंट्रोल बोर्डासाठी कितपत भरवशाचा?

गोल करवत सुरू झाली की भुसा ओढणारा ब्लोअर आपोआप लागावा आणि करवत थांबल्यावर काही सेकंदांनी बंद व्हावा, एवढ्या कामाला एक ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि दोन रिले (सिग्नलवर चालणारे स्विच) पुरतात. अडतं ते त्यांच्या ५ व्होल्टपाशी. मोबाइलचा चार्जर पॅनेलमध्ये नीट बसत नाही आणि मशीनच्या थरथरीनं यूएसबीची पिन सैल होते. म्हणून बरेच जण हाय-लिंकचा एचएलके-पीएम०१ घेतात. मेनच्या विजेतून ५ व्होल्ट काढणारा हा सप्लाय म्हणजे साधारण ३४ बाय २० मिलिमीटरचा काळा ठोकळा. एका बाजूला २३० व्होल्ट एसी, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर, म्हणजे ३ वॉट.

माल चांगला आहे. आत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे आउटपुट मेनपासून पूर्ण वेगळं राहतं, आणि या कामात त्याहून मोठा मुद्दा नाही. कपॅसिटरनं व्होल्टेज पाडणाऱ्या स्वस्त सप्लायमध्ये हे विलगीकरण नसतं. त्याच्या ५ व्होल्टच्या मायनसवर फेज येऊ शकते, आणि त्याला जोडलेल्या सेन्सरच्या उघड्या तारेला हात लागला तर माणूस जाऊ शकतो. करंट कितीही कमी लागत असला तरी तसला सप्लाय इथे लावू नका.

आता करंटचा हिशेब. ५ व्होल्टच्या साध्या निळ्या रिलेची कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे एक रिले सुमारे ७१ मिलिअँपिअर खातो. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना २४० पर्यंत उडी मारतो. दोन रिले धरून बेरीज ४०० च्या आत राहते, तिथे पीएम०१ आरामात चालतो. चार रिले केलेत तर ५२५ होतात. बंद डबीत, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली हा ठोकळा इतका ताणू नये. सरळ हाय-लिंकचाच ५ वॉटचा ५एम०५ घ्या. ईएसपीच्या ५ व्होल्ट पिनजवळ २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की वायफायच्या उडीला बोर्ड रीसेट होत नाही.

‘पीएम०१ मुळे बोर्ड हँग होतो’ ही तक्रार मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवते. २ एचपीच्या ब्लोअरची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. १० अँपिअर छापलेला निळा रिले त्यावर थेट लावला की त्याचे पॉइंट चिकटतात. म्हणून रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी, आणि कॉन्टॅक्टर एसी-३, म्हणजे मोटरसाठीचं रेटिंग बघून घ्यावा. पण कॉइल सोडताना व्होल्टेजचा जोराचा स्पाइक (झटका) येतो, आणि खरा गुन्हेगार तोच. कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ (मेनवर लावायच्या) कपॅसिटरची सिरीज जोडी लावा. ती रिलेच्या पॉइंटवर लावू नका: ५० हर्ट्झला त्या कपॅसिटरमधून ७ मिलिअँपिअर वाहत राहतात आणि लहान कॉन्टॅक्टर गुणगुणतो, कधी सुटतच नाही.

ठोकळ्याच्या आत संरक्षण बेताचंच आहे, बाकीचं आपण द्यायचं. फेजमध्ये १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, त्याच्यानंतर फेज-न्यूट्रलमध्ये १४डी४७१के व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका पिणारा भाग). ४३१के फक्त २७५ व्होल्ट एसीचा असतो; जिथे रात्री व्होल्टेज चढतं तिथे ४७१के चा ३०० बरा. ही लाइन कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूनं घ्या, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटला की बोर्डही मरतो.

झिरो पीसीबी (भोकांचा आणि तांब्याच्या टिकल्यांचा तयार बोर्ड) वापरत असाल तर इथे जरा थांबा. त्याच्या दोन टिकल्यांमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा असते. एसीच्या पिनांच्या आजूबाजूच्या टिकल्या ड्रिलनं उडवा आणि मेन व ५ व्होल्ट यांच्यात ८ मिलिमीटर कोरी पट्टी ठेवा. लाकडाचा बारीक भुसा ओल धरतो आणि पावसाळ्यात तोच करंटला वाट करून देतो, म्हणून डबी ग्लँडवाली (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचांची), बंद.

रिले मॉड्यूल ‘लो’ला (सिग्नल शून्य व्होल्टवर गेल्यावर) चालणारं असेल तर त्याची व्हीसीसी पिन ३.३ व्होल्टला, रिलेच्या कॉइलची जेडी-व्हीसीसी पिन ५ व्होल्टला द्या आणि मधला जंपर काढा; नाहीतर ३.३ च्या सिग्नलवर रिले पूर्ण बंद होत नाही. सिग्नलला १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नल ३.३ ला ओढून धरणारा रेझिस्टर) हवाच. लाइट गेली, परत आली आणि बोर्ड सुरू होताना रिले क्षणभर लागला, तर शेजारी कुणाचा हात असेल सांगता येत नाही. इमर्जन्सी स्टॉप नेहमी कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेतच, प्रोग्रॅममध्ये नाही.

पैसे जास्त घालायची तयारी असेल तर मीनवेलचा आयआरएम-०५-५ उजवा: ५ व्होल्ट, १ अँपिअर. रोज आठ तास चालणाऱ्या कारखान्यात तोच लावावा. घरच्या वर्कशॉपला पीएम०१ पुरे, फक्त अस्सल हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हुबेहूब दिसणारे बिननावाचे ठोकळेही मिळू शकतात. आणल्यावर फ्यूज लावून, बंद डबीत, आउटपुटला १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर जोडा. ५०० मिलिअँपिअर वाहतील. अर्धा तास ठेवा. मल्टीमीटर ४.८ व्होल्टच्या खाली उतरला किंवा करपट वास आला, तर तो परत करा.