पाइपासाठी काढलेली परवाना-माफी

तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीनं उडणारी जुनी बंदूक, म्हणून ६८ हजारांना मी जे घरी आणलं, तो एक इंची पाइप निघाला. सांगायला लाज वाटते, पण ते विकणारा माणूस अजून नागपुरातच गिऱ्हाईक शोधतोय.

धरमपेठेत माझं फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे. चित्रकारांची ऊठबस असते. जुन्या कारागिरांनी हातानं घडवलेली हत्यारं त्यांच्यापुढे कलावस्तू म्हणून मांडावीत, असं बरेच दिवस डोक्यात होतं. अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या नागपूरच्या सरकारी संग्रहालयात, माणसं काचेआडून बघतात न् पुढे सरकतात. दस्त्याची घडण, नळीवरचं काम असं जवळून कोण दाखवतं? हे मी चारचौघांत बोलत सुटलो, तिथंच बातमी फुटली असणार.

ओळखीच्याच्या ओळखीतून तो आला. आवाज अगदी मऊ. "सर, सीताबर्डीच्या लढाईतली हाय. लंडनचा गिऱ्हाईक मागून राह्यला, पण वस्तू नागपूरची, नागपुरातच राहावं असं वाटते." इथंच माझे कान टवकारायला हवे होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. मग लंडनचा गिऱ्हाईक कशाला?

सोबत एक पिवळा पडलेला कागद होता. भोसल्यांच्या सरदारानं बक्षीस दिल्याचा दाखला, शके १७५०. भोसले-इंग्रजांची सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, म्हणजे शके १७३९. बरं, लढाईनंतर बक्षीस मिळालं असेल, अशी समजूत मीच करून घेतली. पण सगळा मजकूर सुबक देवनागरीत, पूर्णविरामांसकट! त्या काळी दरबारी लिहिणं मोडीत चालायचं, हे शाळेत शिकलेला मी. हौस डोळ्यांवर आली की असंच होतं.

खरा डाव पैसे दिल्यावर सुरू झाला. चार दिवसांनी त्याचा फोन: "सर, हत्यार घरात ठेवलं, कुणी तक्रार केली तं? माफीचं सर्टिफिकेट काढून देतो, १५ हजार." घाबरून दिले. शिक्क्याचा कागद आला. पुन्हा दहा मागितले, तेही दिले. बायकोला सांगितलं नाही. शस्त्र कायद्याच्या भीतीपोटी फसलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी एका फॅब्रिकेशनवाल्याला नळी दाखवली. त्यानं आत टॉर्च मारला न् हसलाच. टोकापासून टोकापर्यंत एक सरळ उभी रेघ, वेल्डेड पाइपाची. जुनी नळी तापलेली पट्टी गुंडाळून, ठोकून जोडत. तिच्यात अशी रेघ कुठली? वरचा गंज आम्लाचा. दस्ता नळीला प्लसवाल्या स्क्रूनं जोडलेला, आणि तसले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. जुन्या हिंदुस्तानी बंदुकांत नळी बहुतेक तारेनं किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असे. गंमत तर पुढे आहे. बत्ती लावायचा कान, म्हणजे आतली दारू पेटवायचं भोक, नळीत आरपार गेलेलाच नव्हता. नुसता खड्डा! म्हणजे ती कधी उडूच शकली नसती, आणि मी मात्र तिच्या परवाना-माफीला २५ हजार मोजले.

वकील मित्र म्हणाला, शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या हत्यारांना सूट आहेच; त्याला असलं सर्टिफिकेट लागत नाही. उडू शकणारी असेल, तर मात्र ती वापरायला किंवा बाहेर न्यायला परवाना हवा, मग ती कितीही जुनी असो. हे घेण्याआधी विचारलं असतं, तर!

तक्रार दिली आहे. पैशांचं काय होईल ते होईल. मागच्या आठवड्यात महाल भागातल्या एका ओळखीच्यानं मला तलवारीचे फोटो दाखवले, घेऊ का म्हणून. फोटोत मागे, माझी ‘बंदूक’ ज्यात गुंडाळून आली होती, तीच निळी ताडपत्री होती, कोपऱ्यात तशीच फाटलेली.