चॅम्पचं किट: ट्रान्सफॉर्मर झकास, पुस्तिका भिकार

ट्रान्सफॉर्मरना दहापैकी नऊ, चॅसिसला (पत्र्याच्या सांगाड्याला) आठ, माहितीपुस्तिकेला दोन. तेही कागद गुळगुळीत आहे म्हणून.

फेंडर कंपनीच्या जुन्या ट्वीड चॅम्प या गिटार ॲम्प्लिफायरचं, म्हणजे ५एफ१ या सर्किटचं, घरी जोडायचं किट मी अमेरिकेतल्या एका लहान दुकानातून मागवलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी आणि त्यांची मेलामेली अजून चालू आहे. किट घेतलं भाच्यासाठी. तो गिटार वाजवतो आणि ‘मावशी, तू तर व्हॉल्व्हच्या जमान्यातली’ असं म्हणून मला चढवतो. मी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नोकरी केली. आमच्याकडे व्हॉल्व्हची (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांची) प्रात्यक्षिकं बंद झाली तेव्हा सगळं सामान भंगारात जाताना मी पाहिलंय, त्यामुळे मला फार चढवावं लागलं नाही.

चॅम्पच का, तर याहून साधा गिटार ॲम्प नाही. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडरच्या कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी बनायचा तो हा. तीन व्हॉल्व्ह: सिग्नल वाढवायला १२एएक्स७, स्पीकर चालवायला ६व्ही६ आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. आठ इंची स्पीकर, पाचेक वॉट आवाज. बटण एकच, व्हॉल्यूमचं, आणि त्यावर आकडे बारापर्यंत. बास नाही, ट्रेबल नाही. सर्किट एका पानावर मावतं, त्यामुळे बिघाड शोधायचा तर लपायला त्याला जागाच नसते.

खोकं उघडल्यावर पहिलं समाधान लोखंडाचं. दोन्ही ट्रान्सफॉर्मर वजनदार, वार्निश नीट मुरलेलं, लॅमिनेशन कुठे खुळखुळत नाही. चॅसिसची भोकं तंतोतंत, एकालाही कानस लावावी लागली नाही. फायबरचा बोर्ड, कापडी वेष्टनाची वायर, सगळं जुन्यासारखं. ही वायर फार आवडली मला. कापड मागे सरकवायचं, टाका मारायचा, कापड परत पुढे. सोलायची भानगडच नाही.

कार्बनचे रेझिस्टर मात्र ‘अस्सल विंटेज’ म्हणून दिलेत, ते मला पटलेलं नाही. हे रेझिस्टर उष्णतेने आणि दमटपणाने किंमत बदलतात आणि वर सूंसूं करतात. व्हॉल्व्हच्या प्लेटला (बाहेरच्या इलेक्ट्रोडला) जाणारे १०० किलोओहमचे दोन्ही मी सरळ मेटल फिल्मचे लावले.

आता मुख्य तक्रार. मागवताना मी ‘एक्सपोर्ट’ ट्रान्सफॉर्मर निवडला, त्याचे वेगळे पैसे भरले. आला तो २२० व्होल्टचा. आपल्याकडे कागदोपत्री २३० आणि आमच्या घरी रात्री अकरानंतर २४५. म्हणजे पुरवठा सरळ अकरा टक्के जास्त. फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट हवेत, तिथे मीटरने ७ दाखवले. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, हे त्याच्याही वर. पुढचा हिशोब आणखी वाईट. ६व्ही६च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) २३ व्होल्ट आणि खाली ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ४९ मिलीॲम्पिअर. त्यातले स्क्रीनचे (आतल्या एका जाळीचे) तीनेक वजा केले तरी प्लेटचे ४६. प्लेट ते कॅथोड ३६० व्होल्ट. गुणाकार करा: साडेसोळा वॉट. जुन्या डेटाशीटमध्ये या व्हॉल्व्हची मर्यादा १२ आहे, नंतरच्या डेटाशीटमध्ये १४. अंधारात पाहिलं तर प्लेटच्या शिवणीवर फिकट लाली दिसत होती. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. तिच्यातले सगळे आकडे अमेरिकेतल्या पुरवठ्याचे.

यावर उपाय स्वस्त आहे आणि तो पुण्यात तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळतो. १२-०-१२चा साधा ट्रान्सफॉर्मर, एक ॲम्पिअरचा पुरे. त्याची प्रायमरी (वीज आत घेणारी बाजू) मेन्सवर, आणि सेकंडरीची (बाहेर देणाऱ्या बाजूची) दोन टोकं (मधली वायर टेप लावून मोकळी) ॲम्पकडे जाणाऱ्या फेजमध्ये सिरीज, उलट्या दिशेने. मग २४५मधून पंचवीसेक व्होल्ट वजा होतात. ॲम्प जोडायच्या आधी मीटर लावून बघायचं: २२०च्या आसपास आले तर बरोबर, २७० आले तर सेकंडरीची टोकं अदलाबदल करायची. हे सगळं पत्र्याच्या डबीत, अर्थिंग आणि फ्यूजसकट. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, इन्व्हर्टर दुरुस्त करताय का? त्यापेक्षा स्टॅबिलायझर घेऊन जा.’ स्टॅबिलायझरचा रिले मधेच खट्‌ करून आकडा बदलतो, ते मला नको होतं.

डबी लावल्यावर फिलामेंट ६.३, कॅथोड २०, आणि प्लेटवर तेरा वॉट. लाली गेली.

दुसरी गोष्ट चार्ज साठवणाऱ्या कंडेन्सरची, आणि ही किट देणाऱ्यांना कळायला हवी होती. ५वाय३ पटकन तापतो, ६व्ही६ सावकाश. मधल्या काही सेकंदांत करंट कोणीच ओढत नाही आणि व्होल्टेज वर चढत जातं. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी ३२५-०-३२५ची आहे. तिचं शिखर काढलं तर ४६० व्होल्ट होतं, आणि घरात २४५ असतील तर ५१०. किटमध्ये दिलेले फिल्टर कंडेन्सर ४५० व्होल्टचे! रोज चालू करताना दरवेळी त्यांच्या मर्यादेवर पाय. गल्लीत ५०० व्होल्टच्या वरचे सहजी मिळेनात, म्हणून पहिल्या जागी ३५० व्होल्टचे ४७ मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये लावले आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा एक वॉटचा रेझिस्टर. दोघांवर व्होल्टेज सारखं वाटलं जातं. शिवाय स्विच बंद केल्यावर मिनिटभरात साठलेला चार्ज उतरतो, जो मूळ सर्किटमध्ये उतरवायची काही सोयच नाही. पुढच्या दोन जागांनाही तशीच जोडी, कमी मायक्रोफॅरडची. तरीही हात घालण्याआधी मीटरने बघायचं, आणि मोजताना डावा हात खिशात. लॅबमध्ये मुलांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता घरातही आपोआप खिशात जातो.

फ्यूजही तसाच. किटमध्ये २ ॲम्पिअरचा, म्हणजे ११७ व्होल्टच्या हिशोबाचा. आपल्याकडे १ ॲम्पिअरचा स्लो-ब्लो (चालू करतानाचा झटका सोसणारा) हवा. अमेरिकन पिनची कॉर्ड कापून आपला थ्री-पिन लावला, अर्थची वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने. ज्यांच्या घरी अर्थिंग नावालाच आहे त्यांनी आधी वायरमन बोलवावा, किट मग मागवावं.

पहिल्यांदा चालू करायचं ते सिरीज लॅम्पवरच, म्हणजे ॲम्पच्या वाटेत एक बल्ब जोडून. साठ वॉटचा पिवळा बल्ब हल्ली शोधावा लागतो, पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धूळ खात पडलेला असतो. व्हॉल्व्ह न लावता चालू केलं तर बल्ब काळाच राहिला पाहिजे. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा काळा राहिला. व्हॉल्व्ह लावले, दहा-बारा सेकंद गेले आणि स्पीकरमधून असली किंकाळी आली की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

किंकाळीचं कारण ठरलेलं असतं. चॅम्पमध्ये स्पीकरकडून २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून थोडा सिग्नल मागे, १२एएक्स७च्या दुसऱ्या भागाच्या कॅथोडला दिलेला असतो. तो उलट्या फेजमध्ये यायला हवा, म्हणजे ॲम्प आवरलेला राहतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी इकडच्या तिकडे झाल्या की तोच सिग्नल आवरण्याऐवजी चिथावणी देतो. खात्री करायची तर त्या रेझिस्टरचं एक टोक सोडवायचं. किंकाळी थांबली की दुखणं तेच. आमची थांबली. पुस्तिकेत स्पीकरकडच्या वायरींचे रंग हिरवा आणि काळा लिहिलेत, प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मरला पिवळी आणि काळी वायर. दोन्ही टोकं अदलाबदल केली, रेझिस्टर परत जोडला, शांत. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न धरलंय त्याला हे कुठून सुचणार? तो बिचारा व्हॉल्व्ह बदलत बसेल.

मग उरली घरघर. इथे भाच्याच्या कानाचा उपयोग झाला. आपला पुरवठा ५० हर्ट्‌झचा. फिलामेंटकडून किंवा वायरिंगमधून शिरलेली घरघर ५०ची असते, फिल्टर कमी पडल्याची १००ची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबला की जी पट्टी येते ती ९८ हर्ट्‌झ, म्हणजे जवळजवळ शंभरच. त्याने ती वाजवून बघितली आणि म्हणाला, ‘हीच आहे मावशी, पण खालच्या सप्तकातली.’ म्हणजे ५०. ऑसिलोस्कोप काढावाच लागला नाही. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती कमी होईना, तेव्हा उगम बटणाच्या पुढे, इनपुटकडे नाही, हेही कळलं. मूळ आराखड्यात फिलामेंटची एक बाजू सरळ चॅसिसला टेकवलेली असते आणि किटवाल्यांनी तेही इमानदारीने उचललंय. मी ती सोडवली आणि दोन्ही बाजूंकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर चॅसिसला दिला. वायरी पिळून कोपऱ्यातून फिरवल्या. आता स्पीकरला कान लावला तरच घरघर ऐकू येते.

किटमधला १२एएक्स७ मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे ऐकवणारा, निघाला. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारली की स्पीकरमधून टण्ण. त्याच्या जागी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना ईसीसी८३ लावला. व्हॉल्व्ह तोच, नाव युरोपीय पद्धतीचं. मंडपात वाजणाऱ्या एका जुन्या ॲम्प्लिफायरमधून काढून ठेवलेला होता माझ्याकडे. नवा विकत घ्यायची गरज नाही, असे व्हॉल्व्ह पुण्याच्या जुन्या बाजारात अजून हाती लागतात. फक्त विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला तर त्यावर जाऊ नका.

कॅबिनेट मी मागवलंच नाही, कुरियरचं वजन परवडेना. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घेऊन सुताराकडून करून घेतलं. मूळ चॅम्पही पाइनचाच.

आवाजाबद्दल. चारपर्यंत स्वच्छ, सहाच्या पुढे फुटायला लागतो, नऊनंतर मोठा होत नाही, नुसता जाड होतो. गिटारवरचं बटण थोडं मागे घेतलं की परत स्वच्छ. हे बोटांच्या दाबावरही होतं, आणि भाचा यावरच खूश आहे. सिंगल कॉइलचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) असलेल्या गिटारवर फार गोड. हंबकर (दुहेरी कॉइलचा) पिकअप मानेकडचा लावून जाड तारांवर जोर केला तर आठ इंची स्पीकर भरडल्यासारखा आवाज करतो. दुकानाच्या जाहिरातीत ‘५वाय३मुळे येणारा सॅग’ असं लिहिलंय, म्हणजे जोरात वाजवलं की व्होल्टेज खाली बसणं. तो यात कुठून येणार? एकच ६व्ही६, क्लास ए. वाजवा नाहीतर गप्प बसा, करंट जवळपास तेवढाच ओढला जातो. सॅग हवा असेल तर दोन व्हॉल्व्हचा मोठा ॲम्प बघा.

पैशाचं म्हणाल तर किट, कुरियर आणि कस्टम ड्युटी मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले, कॅबिनेट आणि स्पीकर वेगळे. त्यात नवा ट्रान्झिस्टरचा बरा ॲम्प येतो, वॉरंटीसकट. मला पुन्हा घ्यायचं झालं तर पूर्ण किट घेणार नाही. दोन ट्रान्सफॉर्मर, चॅसिस, सॉकेट आणि कापडी वायर एवढंच मागवीन, बाकीचं सगळं गल्लीत मिळतं आणि चांगलं मिळतं. तुम्ही मागवणार असाल तर आधी मेल टाकून ‘२४० व्होल्टचा टॅप आहे का’, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला तेवढ्यासाठी वेगळी वायर आहे का, एवढं विचारा. असेल तर मी केलेली निम्मी खटपट तुमची वाचेल. ज्यांनी आजवर फक्त बॅटरीवरचे पेडल जोडलेत त्यांनी हे एकट्याने करू नये. व्हॉल्व्हचे रेडिओ उघडणारं कुणीतरी शेजारी बसवावं, अजून आहेत अशी माणसं.

दुकानाचं उत्तर आलंय. वायरींचे रंग पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणतात, आणि नवा १२एएक्स७ फुकट पाठवलाय. ४५० व्होल्टच्या कंडेन्सरबद्दल अवाक्षर नाही.