‘आजीवन कमर्शियल लायसन्स’वाल्या फॉन्ट बंडलपासून सावध राहा

व्हिडिओची टायटल आणि काइनेटिक टायपोग्राफी, म्हणजे हलत्या अक्षरांचं अ‍ॅनिमेशन, असं काम करणाऱ्यांना ही जाहिरात हमखास दिसते: शेकडो देवनागरी फॉन्ट, अ‍ॅनिमेशनसाठी खास, आजीवन कमर्शियल लायसन्ससह. मी असं एक बंडल विकत घेतलं आणि सरळसरळ फसवला गेलो.

जाहिरातीतल्या चित्रांत अक्षरं सुरेख होती. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी ओळ टाकली, तर कुठलाही फॉन्ट निवडा, अक्षराचं वळण तेच! बरेचसे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीचे, नव्हतेच. इंग्रजी कळांवर देवनागरी आकार बसवलेले जुने फॉन्ट होते ते. युनिकोड मजकुराला लागणारी अक्षरं त्यांत नसल्यामुळे सॉफ्टवेअर परस्पर दुसराच फॉन्ट लावत होतं. उरलेल्यांपैकी काहींत ‘दुसऱ्या’मधला र सुटा पडायचा, जोडाक्षरं फुटायची. सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट इंजिनचं (अक्षरं जुळवणाऱ्या भागाचं) सेटिंग तपासलं, ते बरोबर होतं. तीच ओळ ‘मुक्ता’ या युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये स्वच्छ उमटली, म्हणजे दोष बंडलमधल्या फॉन्टचाच होता.

खरा संताप पुढे आला. चांगले चालणारे जे थोडे फॉन्ट होते, त्यांची नावं नवी होती, पण फाइलमधली कॉपीराइटची ओळ पुसायची राहिली होती. ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली कुणालाही फुकट मिळणारे फॉन्ट निघाले. हे लायसन्स व्यावसायिक कामाला मोकळीक देतं, मात्र नुसता फॉन्ट विकायला मनाई करतं. काहींत तर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहिलं होतं. अशा फॉन्टचा हक्कच विक्रेत्याकडे नाही, तर त्याने दिलेलं लायसन्सचं प्रमाणपत्र काय कामाचं? उद्या मूळ फॉन्टकाराने जाब विचारला, तर उत्तर व्हिडिओ बनवणाऱ्यालाच द्यावं लागेल. अक्षरं घडवण्यात ज्यांनी वर्षं घातली, त्यांची मेहनत कुणी नाव बदलून विकावी, याची मला जास्त चीड येते.

पैसे परत मागितले. ‘डिजिटल मालाला परतावा नाही’ एवढंच उत्तर आलं.

म्हणून, विक्रेता नुसती चित्रं दाखवत असेल तर घेऊ नका. तुमची ओळ टाइप करून बघू द्या म्हणा. रफार, ‘ऱ्या’ आणि ‘श्र’ असलेली ओळ द्या. फॉन्ट कुणी घडवला ते विचारा आणि त्या फॉन्टकाराच्या स्वतःच्या पानावर लायसन्स वाचा. डेस्कटॉप लायसन्समध्ये, म्हणजे फॉन्ट संगणकावर बसवून वापरायच्या नेहमीच्या परवान्यात, व्हिडिओ किंवा प्रक्षेपण धरलेलं असतंच असं नाही. फाइल आधीच हातात असेल, तर विंडोजमध्ये प्रॉपर्टीजमधलं डिटेल्स आणि मॅकवर फॉन्ट बुक उघडा, कॉपीराइटची ओळ तिथे सापडते. ज्यांची नावं मला त्या ओळींत मिळाली, त्यांना मी बंडलचा दुवा कळवला आहे.