पिंजरा, मोकळी खोली की छाटलेले पंख? आणि त्याआधी तवा कोणता?

घरात पक्षी आणायचा म्हटलं की वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, कोंडूनच ठेवायचा असेल तर आणायचा कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, मोकळा सोडला तर पंख्यात जाईल. तिसरा मधला मार्ग म्हणून पंख छाटायचं सुचवतो. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण एक गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटते. काही धोक्यांकडे पक्षी स्वतः जातो: पंखा, खिडकीची काच, भरलेली बादली, गॅसवरचं पातेलं. काही धोके मात्र हवेतून त्याच्याकडे येतात. पहिल्या प्रकारात पिंजरा, खोली की छाटणी याने फरक पडतो. दुसऱ्यात शून्य, कारण गजांमधून हवा आत जातेच. म्हणून जागेचं नंतर बघू, आधी स्वयंपाकघर.

तवा आणि कढई

आपण ज्या वाटेने श्वास घेतो त्याच वाटेने सोडतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि ती खेळती ठेवायला बहुतेक पक्ष्यांत नऊ वायुकोश, म्हणजे हवेच्या पिशव्या, असतात. उडायला लागणारा प्राणवायू मिळवण्याची ही जबरदस्त सोय आहे, पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने शोषला जातो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणीत कॅनरी हा छोटा गाणारा पक्षी न्यायला सुचवलं ते याचसाठी. कार्बन मोनॉक्साइडने माणसाला काही जाणवायच्या आत कॅनरी कोसळायची. ब्रिटनच्या खाणींत तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं ते थेट १९८६ मध्ये.

आता नॉनस्टिक घ्या. बहुतेक नॉनस्टिक भांड्यांवर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन या नावाने माहीत असलेल्या पदार्थाचा लेप असतो. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो टिकतो, त्यापुढे त्याचं विघटन सुरू होतं. रोजच्या स्वयंपाकात एवढी उष्णता सहसा येत नाही. पण तवा गॅसवर ठेवला, आच मोठी केली आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोचतो. धूर दिसेलच असं नाही, वास येईलच असं नाही. माणसाला फार तर तापासारखं वाटतं. पलीकडच्या खोलीतल्या पक्ष्याच्या फुप्फुसात मात्र रक्तस्राव होतो, आणि तो दांडीवरून खाली पडलेला दिसेपर्यंत करण्यासारखं फारसं उरत नाही.

खोक्यावर ‘पीएफओए-मुक्त’ लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नका. पीएफओए हे लेप तयार करताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन. ते वगळलं तरी भांड्यावर पीटीएफई असतंच. सिरॅमिक लेपाची भांडी वेगळी असतात. त्यांचा लेप सिलिकाचा, त्यामुळे हा धोका नाही, पण लेप लवकर झिजतो आणि भांडं पुन्हा घ्यावं लागतं. शिवाय काही भांडी नावापुरती सिरॅमिक असतात आणि लेप पीटीएफईचाच निघतो. खोक्यावर ‘पीटीएफई-मुक्त’ असे स्पष्ट शब्द नसतील तर घेऊ नका.

स्टीलला पदार्थ चिकटतो, बिडाची कढई जड असते आणि तिला तेल देऊन मुरवावं लागतं. तरीही पक्षी असलेल्या घरात मी याच दोघांना झुकतं माप देईन, कारण इथे चुकून आच मोठी राहिली तरी विषारी लेप नाही. तेल मात्र कुठल्याही भांड्यात जळलं तरी तो धूर पक्ष्याला वाईटच. बीड मुरवायचं असेल त्या दिवशी पक्षी दूरच्या खोलीत, मधलं दार बंद आणि खिडक्या सताड उघड्या. नॉनस्टिक सोडवतच नसेल, तर पक्षी आणायचा विचार सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आम्ही लक्ष ठेवून वापरतो’ हे रोज, घरातल्या प्रत्येकाकडून, वर्षानुवर्षं निभावणं अवघड असतं.

हाच लेप काही इस्त्र्यांच्या तळाला, एअर फ्रायरच्या टोपलीला, रूम हीटरच्या आणि हेअर ड्रायरच्या आतल्या भागांनाही असतो. नवा हीटर पहिल्यांदा लावाल तेव्हा पक्षी त्या खोलीत नको. सुगंधी मेणबत्त्या, रूम फ्रेशनर, डासांची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा, ओला रंग, सिगारेट या सगळ्यांना एकच नियम: पक्षी असलेल्या खोलीत नाहीत.

पिंजरा

पिंजऱ्याची खरी ताकद म्हणजे तुम्ही घरी नसताना पक्षी कुठे आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. पण पिंजरा चुकला तर तोच धोका होतो. बजरीगर या छोट्या पोपटासाठी दोन गजांमधलं अंतर १२ मिलिमीटरच्या आसपासच हवं. त्याहून जास्त असेल तर डोकं बाहेर येतं, पण परत आत जात नाही.

त्याहून छुपा धोका जस्ताचा. पोपटवर्गीय पक्षी चोच तारेवर घासत पुढे सरकतो, जोड सापडला की तिथे थांबतो आणि जिभेने चाचपून त्याच एका ठिकाणी कुरतडत बसतो. तार गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, असेल तर जोडावर जस्ताचे बारीक थेंब किंवा पांढरट भुकटी असते, आणि ती पोटात जाते. सुस्ती, उलट्या, पातळ विष्ठा, सतत पाणी पिणं ही विषबाधेची लक्षणं. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग, पण निर्धोक. पावडर कोटिंगचा चालतो, कोटिंगचे पोपडे निघेपर्यंत. खेळण्यांच्या कड्या आणि घंटाही बघून घ्या. पितळेतही जस्त असतं. सुटलेल्या धाग्यांच्या दोऱ्या तर काढूनच टाका, कारण त्यांत बोट अडकतं.

दिवसभर पिंजराच, हा पर्याय मला मान्य नाही. हालचाल नसलेला आणि नुसत्या बियांवर वाढलेला पक्षी लठ्ठ होतो, यकृतावर चरबी चढते, आणि कंटाळलेला पक्षी स्वतःची पिसं उपटू लागतो. हाही घरातलाच धोका, फक्त सावकाश येणारा.

पंख छाटणं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. छाटतात ती पंखांच्या टोकाकडची मोठी पिसं, आणि ती नीट छाटली तर दुखत नाही. पण नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते कापलं गेलं तर भळाभळा वाहतं, आणि तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरला थोडासा रक्तस्रावही भारी पडतो. त्यामुळे पहिल्यांदा तरी हे काम पक्ष्यांच्या डॉक्टरकडूनच करून घ्यावं.

छाटल्याने काच आणि पंख्यावर वेगात आदळणं कमी होतं, हे खरं. पण धोके जातात कुठे? ते जमिनीवर येतात. पायाखाली सापडणं, दारात चिरडणं, कुत्र्या-मांजराच्या तावडीत सापडणं, आणि उंचावरून दगडासारखं पडून छातीचं हाड फुटणं. शिवाय छाटलेला पक्षी उडत नाही हा समज घातक आहे. वारा मिळाला की तो तरंगत दूर जाऊ शकतो. ‘याचे पंख छाटलेत’ या भरवशावर त्याला बाहेर घेऊन गेलेल्या माणसांचेच पक्षी हरवतात. पिसं गळून नवी येतात तेव्हा तर तो गुपचूप पुन्हा उडायच्या लायक होतो. पिल्लू उडायला शिकायच्या आधी छाटणं सर्वांत वाईट. त्याला तोल सावरणं आणि उतरणं कधी शिकताच येत नाही.

एक खोली, नीट तयार केलेली

माझा कौल इथे. पंखा बंद, आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी, म्हणजे दुसरं कुणी सवयीने लावणार नाही. पक्ष्याला काच दिसत नाही, पलीकडचं झाड दिसतं, म्हणून पडदा लावा किंवा काचेवर खुणा चिकटवा. एकच मोठं चित्र उपयोगाचं नाही. खुणांमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास हवं, नाहीतर तो मधल्या मोकळ्या जागेतूनच जायला बघतो. बादली, फुलदाणी, अर्धा भरलेला पेला बाहेर ठेवा. काही जुन्या पडद्यांच्या खालच्या दुमडीत शिशाची वजनं शिवलेली असतात, ती उसवून काढा. डिफेनबेकिया आणि कण्हेरीच्या कुंड्या दुसरीकडे न्या. दाराच्या वरच्या कडेवर बसायची पक्ष्यांना भारी हौस, त्यामुळे दार लावण्याआधी वर बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लागायला हवी.

एवढं एकदा केलं की पिंजरा रात्रीसाठी आणि तुम्ही बाहेर असाल तेव्हासाठी, आणि तुमच्या देखरेखीत खोली उडण्यासाठी. छाटणीची गरज उरत नाही.

घरभर मोकळा

मोठ्या, शिकवलेल्या आणि हाक मारली की हातावर येणाऱ्या पक्ष्यासाठी, तेही स्वयंपाकघराला आणि संडास-बाथरूमला दार असेल तर. ताटातलं खायला येणारा पक्षी असेल तर ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, कॉफी, दारू त्याच्या पोचेबाहेर हवं. ॲव्होकॅडोतला पर्सिन हा विषारी घटक हृदयावर घाला घालतो. घरात मांजर असेल तर हा पर्याय बादच समजा. मांजराच्या तोंडातल्या जीवाणूंमुळे लहानसा ओरखडाही जिवावर बेततो. जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

कुणी काय घ्यावं

फिंच (चिमणीएवढा छोटा पक्षी) किंवा कॅनरी असेल तर छाटणीचा विचारच नको. त्यांना उंचीपेक्षा लांबीला जास्त असलेला मोठा पिंजरा पुरतो, कारण ते आडवे उडतात. बजरीगर आणि कॉकाटील या तुरेवाल्या पोपटासाठी पिंजरा अधिक तयार खोली. आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या ताकदवान चोचीच्या पक्ष्यासाठीही तेच, फक्त विजेच्या वायरी नळीत घालून. घरात लहान मुलं सतत दारं उघडत असतील, तर मुलं झोपल्यावर किंवा शाळेत असताना पक्षी सोडायची वेळ ठरवा. त्यासाठी पंख कापू नका.

यातलं काहीही निवडलं तरी पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेतोय, श्वासागणिक शेपूट वरखाली होतंय, असं दिसलं तर कारण शोधत बसू नका. त्याला ताबडतोब ताज्या हवेत न्या, पिंजरा गरम ठेवा, हाताळू नका आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून ‘बहुधा वाफेची विषबाधा’ असं सांगा, म्हणजे पोचेपर्यंत ऑक्सिजनची तयारी झालेली असेल.