आइसलँडमध्ये दोन कुटुंबांसाठी नऊ आसनी व्हॅन

आइसलँडचा दक्षिण किनारा दोन कुटुंबांनी, म्हणजे चार मोठ्यांनी आणि चार मुलांनी, एकाच गाडीतून पाहायचा असे ठरल्यावर केफ्लाविक विमानतळाजवळच्या एका कंपनीकडून आम्ही नऊ आसनी व्हॅन भाड्याने घेतली. गाडीविषयी तक्रार नाही, कंपनीविषयी आहे.

दोन्ही कुटुंबे वेगवेगळ्या विमानांनी येणार असल्याचे आम्ही बुकिंग करतानाच कळवले होते. तरीही दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालायचे तर त्याने परवाना घेऊन स्वतः काउंटरवर यावे लागते, हे आम्हाला किल्ल्या घेताना सांगण्यात आले. परिणामी पेंगुळलेल्या मुलांसह पहिल्या कुटुंबाला तेथेच ताटकळावे लागले, कारण नाव न घातलेल्या माणसाने गाडी चालवली तर विमा लागू होत नाही. वेबसाइटवर 'नऊ प्रवासी' एवढेच लिहिलेले असते, पण आखूड व्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे डिकीला जागा जेमतेमच उरते. आम्हाला लांब व्हॅन मिळाली ती काउंटरवरच्या तरुणीने स्वतःहून बॅगा मोजल्या म्हणून. तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

तेथील कायद्यानुसार १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो. मिळालेल्या सीट स्वच्छ होत्या, मात्र तीन सीट एका रांगेत लावल्यावर पट्ट्यांची बकले बोटांना सापडेनात, म्हणून त्या दोन रांगांत वाटून लावल्या आणि प्रत्येक रांगेत एक मोठे माणूस बसले. भांडणेही त्यामुळे कमी झाली.

व्हॅनचा खरा फायदा तिच्या सरकत्या दारांत आहे. या किनाऱ्यावरचा वारा बिजागरीचे दार हातातून हिसकावून उलटे वाकवू शकतो आणि असे नुकसान बहुतेक विमा योजनांमध्ये धरले जात नाही; योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवरापाशी मुले हिमनग पाहण्यासाठी धावत उतरली, तेव्हा ही चिंता फक्त पुढच्या दोन दारांपुरती उरली. देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडवरच्या एकपदरी पुलांवर गाडीची लांबी जाणवली नाही. डांबरी रस्त्यावरची ताशी ९० किलोमीटरची मर्यादाही तिने निवांत गाठली. 'एफ' क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) नसलेल्या गाड्यांना मनाई असल्याने ते बेत आधीच वगळले होते.

लांब व्हॅन आम्ही पुन्हा घेऊ. या कंपनीकडून मात्र दोन्ही कुटुंबे एकाच विमानाने उतरणार असतील तरच.