जुळे सोलापुरातलं आहार सल्ला केंद्र: तक्ता माणूस बघून, मोजणी मात्र कच्ची

सगळ्यांना एकच छापील तक्ता इथे देत नाहीत, हीच मोठी गोष्ट. आधी साखर, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), चालू औषधं आणि कामाची पाळी विचारतात. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला ‘सातच्या आत जेवा’ असं सांगत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय 16 तासांचा उपास नाही, कारण साखर एकदम उतरू शकते. भाकरी कुणाचीच बंद नाही. कडक भाकरी मात्र पिठावर मोजतात: वाळून वजन घटतं, उष्मांक तेवढेच राहतात. शेंगा चटणी सपाट चमचाभर, 15 ग्रॅम. त्यातच 80-85 उष्मांक. (सोलापुरात चमचा सपाट भरतंय कोण!) चरबी मोजायचं यंत्र संध्याकाळी खाल्ल्यावरही लावतात, ते चूक. अंगातल्या पाण्यावर आकडा हलतो. सकाळी उपाशीपोटी, लघवी करून आल्यावरच मोजून घ्या.