जुन्या टेबलफॅनच्या मोटरला काय द्यावं: शिलाई मशीनचं तेल, ६८ नंबरचं तेल की ग्रीस?

माळ्यावरून काढलेला फॅन बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो, पातं बोटाने ढकललं की मगच फिरतो. आधी प्लग काढा आणि पातं हाताने फिरवून सोडा. मोकळं फिरत राहिलं तर कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग) तपासा. लगेच थांबलं तर वंगण संपलंय.

जुन्या टेबलफॅनला बहुधा बॉल बेअरिंग नसते, ब्राँझचे बुश असतात, म्हणजे मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या. ब्राँझची भुकटी दाबून, भाजून हा बुश करतात. त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा बारीक छिद्रांचा असतो आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. मोटर तापली की तेल शाफ्टवर येतं, थंड झाली की बरंचसं परत आत शोषलं जातं. बुशभोवतीची फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) चकती ही तेलाची साठवण. हे एकदा कळलं की ग्रीसचा विचार आपोआप मागे पडतो: ग्रीस फेल्टमधून झिरपत नाही आणि बुशची छिद्रं बुजवतं. फॅनची मान फिरवणाऱ्या गिअरला मात्र ग्रीसच हवं.

मग खरी निवड दोन तेलांत. शिलाई मशीनचं तेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पटकन मुरतं, जाम शाफ्ट लवकर सुटतो. पण ते पातळ असतं. तासन्‌तास चालून तापणाऱ्या मोटरमध्ये फार टिकत नाही. आयएसओ ६८ किंवा ४६ ग्रेडचं (हा आकडा तेलाच्या दाटपणाचा) टर्बाइन वा हायड्रॉलिक तेल शोधावं लागतं, पण त्याचा थर गरम शाफ्टवरही टिकतो. रोज चालणाऱ्या फॅनला मी डोळे झाकून ६८ देईन. फॅन कधीमधीच लावत असाल तर शिलाई मशीनचं तेल पुरे, फक्त दर मोसमाला आठवणीने द्या.

खोबरेल नकोच. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत फॅन पुन्हा अडणार. शेंगदाण्याचं किंवा दुसरं खायचं तेल कालांतराने चिकट राळेसारखं होतं. गंज सोडवणारा स्प्रे साफसफाईला उत्तम. पण त्यातला द्रावक उडून जातो, जाताना फेल्टमधलं जुनं तेलही धुऊन नेतो. मारलात तर नंतर तेल द्याच.

तेल शाफ्टवर ओतू नका. फेल्टवर तीन-चार थेंब सोडा, हाताने फिरवा, थोडं थांबून पुन्हा दोन द्या. ओघळ पुसून घ्या. मिक्सरच्या मोटरला तर आणखी जपून, कारण कम्युटेटरवर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) तेल गेलं की कार्बन ब्रशपाशी ठिणग्या वाढतात.

सीलिंग फॅनचा हिशेब वेगळा. तिथे ६२०२ नंबरसारखी बंद बॉल बेअरिंग असते, ग्रीस आतच भरलेलं. बाहेरून तेल सोडलं की ते ग्रीस पातळ होऊन गळतं. घरघर करत असेल तर बेअरिंगच बदला.

आणि टेबलफॅनचा शाफ्ट धरून आडवा हलवल्यावर खटखट वाजला, तर बुश झिजलाय. तिथे कुठल्याच तेलाचा उपयोग नाही, रिवाइंडिंगवाल्याकडून नवा बुश बसवून घ्या.